गहू बंद केला की वजन खरंच उतरतं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसातल्या मैत्रिणीने गहू सोडला आणि महिन्याभरात तिचं चार किलो वजन उतरलं. मग तुम्हीही पोळी बंद करावी का, आणि भाकरी थापता येत नसेल तर काय करावं?

मी डॉक्टर नाही. माझी पिठाची गिरणी आहे, वडिलांच्या वेळेपासूनची. ‘चपाती बंद केलीये’ म्हणत ज्वारीचा डबा घेऊन येणारी माणसं रोज भेटतात. त्यातलं कोण बारीक झालं आणि कोण तसंच राहिलं, ते दळण घेता-देता दिसतंच. त्यामुळे या विषयावर जरा वाचूनही ठेवलंय.

वजन उतरतं, पण त्याचं श्रेय गहू सोडण्याला देऊ नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात साधारण ३२० कॅलरी असतात. ज्वारीत ३३४, बाजरीत ३४८, तांदळात ३५६. म्हणजे या चौघांत गहूच सगळ्यात हलका. तंतूही (फायबर) ज्वारीपेक्षा कमी नाहीत. फक्त आम्ही दळून दिलेलं पीठ घरी नेऊन मैद्याच्या चाळणीने चाळायचं आणि कोंडा फेकून द्यायचा, हा उद्योग करू नये.

मग मैत्रिणीचं वजन उतरलं कशाने? पहिले एक-दोन किलो बहुतेक पाण्याचे. पिष्टमय खाणं एकदम कमी केलं की शरीर साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, वापरतं, आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं, तेही निघून जातं. पुन्हा पहिल्यासारखं जेवायला लागलं की ते परत येतं. बाकीचं जे उतरलं ते खरं, पण त्यामागे पोळी कमी आणि पोळीच्या आजूबाजूचं जास्त असतं. ‘गहू नाही’ म्हटलं की सकाळच्या चहाबरोबरची खारी गेली, चारची बिस्किटं गेली, येता-जाता खाल्लेला वडापाव, समोसा, वाढदिवसाचा केक, रात्री उशिराचे नूडल्स, सगळंच गेलं. हे बहुतेक सगळं मैदा आणि तेल किंवा तूप, शिवाय वर साखर. एक नियम पाळताना माणूस नकळत दहा गोष्टी सोडतो. नियम सोपा असल्यामुळे तो पाळलाही जातो, हे मात्र मी मान्य करतो.

ज्यांचं उतरत नाही, त्यांचंही सांगतो. दोन पोळ्या खाणारा माणूस दोन भाकऱ्या खायला लागतो. घडीची एक पोळी साधारण ३५ ग्रॅम पिठाची, म्हणजे ११०-११५ कॅलरी, आणि तेल लावलं तर वर तीस-चाळीस. भाकरी ७०-७५ ग्रॅमची, म्हणजे एकीतच २३५-२५०. दोनाला दोन हा हिशेब चालत नाही, दोन पोळ्यांना एक भाकरी. भाकरीचा खरा फायदा असा की तिला तेल लागत नाही आणि ती चावून खावी लागते, त्यामुळे एकीतच पोट भरतं. दुसरे लोक गहू सोडून साबुदाण्याकडे वळतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात शेंगदाण्याचं कूट, बटाटा, तूप. ‘ग्लुटेन-फ्री’ (ग्लुटेन म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन) लिहिलेली बिस्किटं तर बघूच नका, त्यात गव्हाच्या जागी तांदळाचं पीठ नि स्टार्च असतो, साखर तिथल्या तिथेच.

तिसरा प्रकार मल्टिग्रेनवाल्यांचा. पाच किलो गव्हात मूठभर नाचणी, मूठभर सोयाबीन, चमचाभर मेथ्या. दळून देतो, माझं काय जातं! पण त्याने वजन हलत नाही. खपलीचंही तेच. सांगली-साताऱ्याकडची खपली खिरीला, पुरणपोळीला उत्तम, पण तोही गहूच, आणि त्यातही ग्लुटेन असतं.

आता जे खरोखर महत्त्वाचं आहे ते. गहू खाल्ल्यावर तुमचं पोट सारखं फुगत असेल, जुलाब होत असतील, गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर गहू सोडण्याआधी डॉक्टरांना भेटा. सीलिअॅक नावाचा आजार असू शकतो, त्यात ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते. त्याची रक्ततपासणी गहू खात असतानाच करावी लागते, आधीच बंद केला तर निकाल फसवा येऊ शकतो. त्या आजारात गहू थांबवल्यावर आतडं बरं होतं, अन्न अंगी लागतं आणि पुष्कळांचं वजन उलट वाढतं. अशा माणसाने ज्वारी आमच्यासारख्या गिरणीत दळूही नये. ‘कशावर दळताय?’ हे गिऱ्हाईक विचारतं ते उगीच नाही, आधीच्या दळणाचं पीठ जात्यात राहतंच आणि ते पुढच्या डब्यात उतरतं. डबीतल्या बांधणीच्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणातलं धान्य अचानक कमी करू नका, साखर खाली जाऊ शकते.

यातलं काही नसेल, तर मी तुमच्या जागी पोळी बंद केली नसती. मैदा आणि चहाबरोबरचं खाणं थांबवलं असतं, तीन पोळ्या होत असतील तर दोन केल्या असत्या, तेही वरून तेल न लावता, आणि रिकाम्या जागी वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण वाढवलं असतं. पोषण संस्थेची २०२४ची शिफारसही साधारण हेच म्हणते: धान्यांतून दिवसाच्या ४५ टक्क्यांपेक्षा जास्त कॅलरी नकोत. आपल्याकडे त्या निम्म्याहून जास्त तिथूनच येतात, मग धान्य कुठलंही असो. कमी करायचं आहे ते हे.

भाकरी हवीच असेल तर ज्वारी दोन-दोन किलोच दळून घ्या. जुनं पीठ विरी जातं, मग भाकरी तुटते आणि आपण उगाच हाताला दोष देतो. तरी थापता आली नाही तर पिठाची उकड काढून, चांगली मळून पोळीसारखी लाटा. लाटताना चिकटली तर खाली थोडं गव्हाचं पीठ लावलंत तरी चालेल. सीलिअॅक नसेल तर तेवढ्याने काही होत नाही.