आयपीओआधी टाइमशेअर कंपनीचे शेअर घ्यावेत का?

प्रश्न: माझे यजमान रबाळ्याच्या एका कंपनीतून ५८व्या वर्षी निवृत्त झाले. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे मिळून ४० लाख गेल्या महिन्यात खात्यावर आले. ओळखीतला एक ब्रोकर एका टाइमशेअर रिसॉर्ट कंपनीचे (एकदा सदस्यत्व घ्यायचं आणि २५ वर्षं दरवर्षी तिच्या रिसॉर्टवर सुट्टी घालवायची) अनलिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात न नोंदलेले, शेअर देतो आहे. दीड वर्षात आयपीओ येईल, म्हणजे शेअर लोकांना विकून कंपनी बाजारात नोंदली जाईल, विक्री आणि नफा दोन्ही वाढताहेत, असं तो सांगतो. मुलगा म्हणतो, ६ लाख घालूया. यजमानांना मात्र पॅनकार्ड क्लब्ज आठवतं. वार्षिक अहवाल सोबत पाठवते आहे.
– एक वाचक, ऐरोली

ताई, ६ लाख या शेअरमध्ये घालू नका. पण कारण यजमानांना वाटतं ते नाही. सुट्ट्यांच्या सदस्यत्वाच्या नावाने लोकांचे पैसे गोळा करणाऱ्या पॅनकार्ड क्लब्जचं प्रकरण वेगळं होतं. ती नोंदणी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे असं ठरवून सेबीने २०१६ मध्ये ७,००० कोटींहून जास्त रक्कम लोकांना परत करायला सांगितलं. तुमच्या ब्रोकरच्या कंपनीची रिसॉर्ट खरी आहेत, सदस्य खरे आहेत, ऑडिटरचा शेराही स्वच्छ आहे. गोम आहे ती नफा कोणत्या वर्षी दाखवायचा यात, आणि ती नियमात बसणारी आहे.

अहवालातली हिशेबाच्या धोरणांची टीप मुलाला वाचायला सांगा. तिथे लिहिलंय की सदस्यत्व शुल्काचे ६० टक्के करार होताच उत्पन्न धरले जातात आणि उरलेले ४० टक्के २५ वर्षांत सारखे वाटले जातात. समजा ५ लाखांचं सदस्यत्व विकलं. पहिल्याच वर्षी ३ लाख, अधिक २ लाखांचा पंचविसावा भाग म्हणजे ८,००० – एकूण ३ लाख ८ हजार रुपये उत्पन्नात आले. सदस्याने मात्र बहुतेक वेळा ५०,००० भरलेले असतात आणि बाकीचे ४८ हप्त्यांत द्यायचे असतात. कंपनीनेही त्याला अजून एक सुट्टी दिलेली नसते, २५ द्यायच्या असतात.

ही युक्ती या कंपनीने शोधलेली नाही. क्लब महिंद्रा चालवणारी महिंद्रा हॉलिडेजही पूर्वी ६०-४० अशीच विभागणी करायची. १ एप्रिल २०१८ पासून इंड एएस ११५ हे लेखा मानक लागू झालं. सेवा जशी देत जाल तसं उत्पन्न धरा, असं ते सांगतं. त्याप्रमाणे त्याच ५ लाखांचे वर्षाला फक्त २०,००० दिसतात. आधी दाखवून झालेलं उत्पन्न मागे घेऊन पुढच्या वर्षांवर टाकावं लागलं, आणि महिंद्रा हॉलिडेजच्या ताळेबंदात ‘ट्रान्झिशन डिफरन्स’ अशी वेगळी ओळच आली.

मग तुमच्या कंपनीला हे मानक का नाही? इंड एएस लागू होतं ते शेअर बाजारात नोंदलेल्या किंवा नोंदणीच्या वाटेवर असलेल्या कंपन्यांना आणि २५० कोटी किंवा त्याहून अधिक नेटवर्थच्या (मालमत्तेतून देणी वजा करून उरणाऱ्या रकमेच्या) कंपन्यांना. ही कंपनी लहान आहे, अनलिस्टेड आहे, म्हणून जुन्या मानकांवर चालते. ज्या दिवशी ती मुख्य बाजारात आयपीओसाठी कागदपत्रं दाखल करेल, त्या दिवशी मागच्या वर्षांचे आकडे नव्या पद्धतीने मांडावे लागतील. विक्री करणाऱ्यांचं कमिशन तेव्हा पुढच्या वर्षांवर वाटता येतं, हे खरं. पण वाशी-सीवूड्सच्या मॉलमध्ये कूपन भरून घेणाऱ्या स्टॉलचं भाडं, मोफत जेवण, भेटवस्तू, जाहिराती हा खर्च त्याच वर्षी घ्यावा लागतो. आज ब्रोकर ज्या ९ कोटींच्या नफ्यावर भाव लावतो आहे, तो नफा डीआरएचपीत, म्हणजे आयपीओसाठी दाखल करायच्या मसुद्यात, बहुधा दिसणार नाही. तोटा दिसला तरी मला नवल वाटणार नाही. (लहान कंपन्यांसाठीच्या एसएमई बाजारात आले तर इंड एएसमधून सूट आहे. ब्रोकर ‘आयपीओ’ म्हणतो तेव्हा कोणता, हे विचारा.)

आता येणी, म्हणजे सदस्यांकडून अजून यायचे पैसे. माझं मत पक्कं झालं ते इथे.

अहवालाप्रमाणे वर्षाचं उत्पन्न ६२ कोटी आणि सदस्यांकडून येणं ७१ कोटी. आदल्या वर्षी येणं ४१ कोटी होतं. पुढच्या वर्षांसाठी राखलेलं उत्पन्न ११ कोटींनी वाढलंय. जीएसटी बाजूला ठेवून ढोबळ हिशेब केला तर ६२ आणि ११ मिळून ७३ कोटींची बिलं झाली, त्यातले ३० कोटी येण्यात अडकले, हाती आले ४३. म्हणून तर ९ कोटी नफा दाखवणाऱ्या कंपनीचा कामकाजातला रोखप्रवाह उणे ४ कोटी आहे. विक्री वाढतेय हे ब्रोकरचं म्हणणं खरंच आहे, पण वसुली तिच्या बरोबरीने वाढत नाही.

येण्यांच्या वयाचा तक्ताही बघा. २०२१ पासून तो प्रत्येक कंपनीला द्यावा लागतो आणि त्यातलं वय हप्त्याच्या देय तारखेपासून मोजतात. ७१ पैकी १९ कोटी वर्षाहून जास्त थकलेले आहेत, आणि बुडीत म्हणून तरतूद केली आहे १ कोटी २० लाखांची. जो माणूस वर्षभर हप्ता भरत नाही, फोन उचलत नाही, तो बहुतेक वेळा घाईत सही केल्याचा पश्चात्ताप करत असतो. तो परत हप्ते सुरू करेल यावर मी पैज लावणार नाही. हे १९ कोटी गेले तर दोन वर्षांचा नफा गेला. शिवाय सदस्यत्वं रद्द झाली की काही रक्कम राखलेल्या उत्पन्नातून गुपचूप उतरवता येते, बुडीत कर्जाच्या ओळीत ती दिसतही नाही. गेल्या वर्षी किती सदस्यत्वं रद्द झाली हा आकडा अहवालात मला सापडला नाही. ब्रोकरकडे तो लेखी मागा. उत्तराला किती दिवस लागतात तेही बघा.

मुलाचं म्हणणं असेल की लिस्टिंगच्या दिवशी विकून मोकळे होऊ. तसं होत नाही. मुख्य बाजारातल्या आयपीओत आधीपासूनचे शेअर साधारण सहा महिने लॉक-इनमध्ये राहतात, म्हणजे विकता येत नाहीत. तोवर नवे आकडे सगळ्यांनी वाचलेले असतील. आणि आयपीओ आलाच नाही तर अनलिस्टेड शेअरला गिऱ्हाईक शोधायला त्याच ब्रोकरच्या दारात जावं लागेल.

टाइमशेअरचा धंदा वाईट आहे असं मी म्हणत नाही. मुलाला त्यात खरंच रस असेल तर डीआरएचपी येऊ दे, नव्या पद्धतीचे तीन वर्षांचे आकडे वाचू दे, आणि स्वतःच्या पगारातून हजारांत काय ती हौस करू दे. वडिलांच्या ग्रॅच्युइटीतून नको.

एक गोष्ट मात्र याच आठवड्यात करा. ५५ ते ६० वयात निवृत्त झालेल्यांना ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ६०च्या आधीही खातं उघडता येतं, पण निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. तुमचा एक महिना संपला. मर्यादा ३० लाखांची आहे, आणि खात्यात टाकायची रक्कम मिळालेल्या निवृत्तीलाभापेक्षा जास्त चालत नाही. यजमानांच्या कंपनीकडून निवृत्तीची तारीख आणि मिळालेल्या रकमा लिहिलेलं पत्र घ्या. ते नसलं तर पोस्टात परत पाठवतील.