लेखनशंका : दिवाळीच्या सुट्टीत जमलेलं प्रेम

सुट्टीत भेटलेल्या दोन अनोळखी माणसांची हलकीफुलकी प्रेमकादंबरी लिहिताना कुठे अडतं, हे या वेळी बऱ्याच वाचकांनी कळवलं आहे. बहुतेकांची गोष्ट दिवाळीत मालवणला घडते, म्हणून उत्तरंही तिथलीच.

प्रश्न : नायक-नायिका सीएसएमटीवर एकमेकांवर आदळतात, तिच्या हातातली पुस्तकं पडतात. फार जुनं वाटतं का? (डोंबिवली)

वाटतं. शिवाय धडक दोन सेकंदांत संपते आणि पुढे दोघांना एकत्र ठेवायला नवा योगायोग शोधावा लागतो. त्यापेक्षा दोघांना कोकणकन्येचं आरएसी तिकीट द्या. साइड लोअरचा एकच बर्थ दोघांत, बसून जायचं. गाडी रात्री अकराच्या सुमारास सुटते, कुडाळ सकाळी येतं. तेवढा वेळ दोन परकी माणसं समोरासमोर, पाय पसरायची सोय नाही आणि उठून जायला जागा नाही. मध्येच टीसी येतो, एक बर्थ रिकामा झालाय म्हणतो. तो कुणी घ्यायचा? पहिला प्रसंग आयता मिळाला.

काही जण हीच जोडी जनशताब्दीत बसवतात. ती बसून जायची गाडी, तिथे बर्थच नाहीत. मालवणला रेल्वे स्टेशनही नाही. कुडाळला उतरून पुढचे सुमारे 30 किलोमीटर एसटीने किंवा रिक्षाने. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा अनेकांना मोहात पाडतो, पण कोकणकन्या तिथे पोचते पहाटे. बाहेर तसाही अंधारच असतो. बोगद्याचा उपयोग फार तर मोबाइलची रेंज जाण्यापुरता.

प्रश्न : किती शब्द, किती प्रकरणं? (सातारा)

30,000 शब्द, 24 प्रकरणं, सरासरी 1,250 शब्दांचं एक. वसुबारस ते पांडवपंचमी हे आठ-नऊ दिवस 18 प्रकरणांत बसवा. उरलेली 6 कशासाठी, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : लक्ष्मीपूजनाच्या रात्री टिपूर चांदण्यात दोघं तारकर्लीच्या किनाऱ्यावर फिरतात, असं प्रकरण लिहिलं. वाचून दाखवलं तर सगळे हसले. का? (नाशिक)

कारण लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं. भाऊबीजेची कोर सूर्यामागोमाग बुडते. चंद्र रात्री नऊच्या पुढेपर्यंत टिकतो तो थेट पंचमीला.

चांदणं हवंच असेल तर त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत थांबा. पण ती अमावास्येनंतर पंधरा दिवसांनी, आणि परतीची गाडी षष्ठीची, रजा संपलेली. म्हणजे मुंबईला गेलेल्यांपैकी एकाला परत यावं लागणार. हीच तुमची शेवटची 6 प्रकरणं! तोवर तुळशीची लग्नं लागलेली असतात, आणि घराघरांतल्या आत्या-मावश्यांना ‘आता तुझं कधी?’ विचारायचा परवाना मिळतो. कार्तिकात गावोगावच्या जत्रा सुरू होतात. दशावतार उशिरा रात्री उभा राहतो तो उजाडेपर्यंत चालतो. रात्रभर घराबाहेर राहायला याहून सभ्य कारण नाही.

समुद्रही पंचांगाप्रमाणे वागतो. कोकणातला जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्याआधी आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. दोघांना खडकावर अडकवायचं असेल तर पाडवा निवडा. भरती पाऊण वाजता, म्हणजे ओहोटी सकाळी पावणेसातला. घरातल्या जोडप्यांचं ओवाळणं चाललेलं असतं, या दोघांना तिथे काम नसतं. ती चालत खडकावर जातात, गप्पांत वेळ जातो, पाणी मागून चढतं. पंचमीला हा प्रसंग जमत नाही, कारण अमावास्येचं उधाण तोवर ओसरू लागलेलं असतं. मुंबईच्या मानाने मालवणला भरती-ओहोटीतला फरकही कमी. तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंतच ठेवा. विनोदी कादंबरीला तेवढं पुरे.

जाता जाता : दिवाळीत हापूस नसतो, तो एप्रिल-मेचा. काजवेही पावसाच्या तोंडावरचे. दिवाळीत मिळतं ते भातकापणी, पायाखाली फोडायचं कारीट आणि पोह्यांचे चार-पाच प्रकार. कुणी गोष्ट जूनमध्ये नेलीच, तर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात हे विसरू नका.

प्रश्न : दोघं ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी येतात? (इंदूर)

मराठी प्रेमकथेत याहून मोठी घटना नाही, आणि लोक ती अर्ध्या ओळीत उरकतात. पंचविशीतली मुलं पहिल्या स्टेशनापासून ‘तू’ म्हणतील, तिथे गंमत नाही. पात्रं बत्तीस ते पस्तीसची घ्या. पहिली पाच-सहा प्रकरणं ‘तुम्ही’. मग आपल्या भाषेतली पळवाट वापरा : ‘चहा घ्यायचा?’, ‘निघायचं का?’ सर्वनामच नाही. दोघंही ते टाळताहेत हे वाचकाला कळतं, त्यांना कळत नाही. ही कसरत तीन-चार प्रकरणं चालवा. ‘तू’ घाईत निसटू द्या. खडकावर लाट येताना ‘अगं, मागे सरक!’ त्यावर कुणीही काही बोलायचं नाही. मात्र पुढच्या भांडणात तो पुन्हा ‘तुम्ही’ म्हणाला, की वेगळा राग लिहायची गरज उरत नाही.

प्रश्न : भांडण गैरसमजावर उभं केलं तर चालेल? (पुणे)

एका फोनने मिटणारा गैरसमज नको. खरा पेच घ्या. ती आजोळच्या घराच्या विक्रीसाठी सह्या गोळा करायला आली आहे. सातबाऱ्यावर चौदा नावं, आणि सगळे एका जागी सापडतात ते दिवाळीतच. तो तेच घर भाड्याने घेऊन राहायला आलाय. दोघांचंही बरोबर आहे, म्हणून भांडण टिकतं.

प्रश्न : मालवणी किती वापरावी? (ठाणे)

घरमालकीण काकूंच्या तोंडी पूर्ण, पण वाक्य पाच शब्दांपर्यंत. ‘खंय चल्लंस?’ (कुठे चाललीस?), ‘कधी इलंस?’ (कधी आलीस?) कादंबरीत प्रसंगावरून अर्थ लागतो. लगेच मराठीत पुन्हा सांगू नका. मुंबईच्या नायिकेला तिसऱ्या प्रकरणात ‘मी इलंस’, म्हणजे ‘मी आलीस’, असं चुकू द्या, काकूंना हसू द्या. चोविसाव्यात, जत्रेच्या गर्दीत मागून येऊन तिला ‘आले’ या अर्थाचा एकच शब्द, या वेळी बरोबर, म्हणू द्या : ‘इलंय.’