‘माझ्या घरचं कुणी येत नाही’ असं ती टीव्हीवर म्हणाली

ताई, आम्ही वीसेक वर्षांपूर्वी सांगलीहून टेक्सासला आलो. डॅलसजवळ फ्रिस्कोत राहतो. मुलगी १९ वर्षांची, इथेच जन्मलेली. कम्युनिटी कॉलेजात चीअरलीडिंगच्या टीममध्ये आहे. त्या टीमवर एक रिअ‍ॅलिटी मालिका निघाली आणि मुलगी एकदम प्रसिद्ध झाली. दुकानात लोक सेल्फी मागतात. लॉस एंजेलिसचा एक मॅनेजर ‘कॉलेज सोड, इकडे ये’ म्हणतोय. सांगलीच्या फॅमिली ग्रुपवर तिच्या कपड्यांवरून चर्चा चालते, धाकट्या दिरांनी तर आमचे संस्कार काढले. मालिकेत एकदा ती रडत म्हणते, ‘स्पर्धेला सगळ्यांचे आईबाबा येतात, माझ्या घरचं कुणी येत नाही.’ तेव्हापासून तिचे बाबा तिच्याशी बोलत नाहीत. या नादातून तिला बाहेर कसं काढू?
– एक आई

प्रिय ताई,

मूळ पत्र बरंच लांब आहे, मी इथे आखडून छापलंय. त्यात कपड्यांना एक पान आहे, मॅनेजरला एक पान, दिरांना जवळजवळ तेवढंच. मुलीच्या रडण्याला दोन ओळी. आणि ती म्हणाली ते खोटं आहे, असं तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही. खोटं असतं तर पहिल्याच ओळीत आलं असतं.

कॅमेरेवाल्यांचं काम मला ठाऊक आहे. महिनोन्‌महिने शूटिंग करायचं आणि त्यातून काही तासांची मालिका काढायची. त्याच मुलाखतीत ‘आईच्या हातचं थालीपीठ’ असंही काही ती बोलली असेल, ते कापलं गेलं. रडणं ठेवलं, कारण रडणं विकलं जातं. तेव्हा तिच्या बाबांना चारचौघांत अपमान झाल्यासारखं वाटलं, यात नवल नाही. पण ते रागावलेत मुलीवर, आणि मुलीने तक्रार केली होती ती घरचे स्पर्धेला येत नाहीत म्हणून. आता बोलतही नाहीत. म्हणजे तिची तक्रार त्यांनी स्वतःच खरी करून दाखवली की!

कपड्यांचं लवकर उरकते. २००८ साली आयपीएल आलं, तेव्हापासून आपल्याकडे चीअरलीडर म्हणजे चौकार गेला की सीमारेषेपाशी नाचणारी मुलगी. तुमची मुलगी करते ते दहीहंडीच्या थरांच्या जवळचं आहे. खाली बेस, मागे बॅकस्पॉट, वर फ्लायर. फ्लायरला हवेत फेकतात, ती गिरक्या घेत खाली येते आणि तिला झेलावंच लागतं. मोठ्या गटात २० जण मॅटवर असतात आणि सगळा खेळ सव्वादोन मिनिटांचा. त्यासाठी वर्षभर मनगटं, घोटे, बरगड्या पणाला लावायच्या. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनेही २०२१ मध्ये या खेळाच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. सासूबाईंना एकट्यांना पूर्ण रूटीनचा व्हिडिओ पाठवा आणि सोबत हे सांगा. ग्रुपवर काही लिहू नका. दिरांना उत्तर दिलं की तिथे अख्खा गणेशोत्सव संपेपर्यंत तेच चालेल.

आता प्रसिद्धीबद्दल. तुमच्यापासून दीड-दोन तासांवर कॉर्सिकाना गावात नवारो कॉलेज आहे. तिथल्या टीमवरची नेटफ्लिक्सची ‘चीअर’ जानेवारी २०२० मध्ये आली आणि ती मुलं रातोरात घराघरांत पोचली. त्यापुढचं दुसऱ्या सीझनमध्ये दिसतं, ते तुम्ही दोघांनी जरूर बघा. करोनामुळे त्या वर्षीची फ्लोरिडातल्या डेटोना बीचची राष्ट्रीय स्पर्धाच रद्द झाली. कोच मोनिका अल्डामा शरद ऋतूत टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत गेल्या. काही मुलं पैसे घेऊन चाहत्यांना शुभेच्छांचे व्हिडिओ करून देत होती आणि पहिल्या सीझनमध्ये न झळकलेली मुलं त्याच हॉलमध्ये सराव करत होती. २०२१ ला डेटोनात जिंकली ती शेजारच्या अथेन्स गावची ट्रिनिटी व्हॅली. हरण्याचं कारण प्रसिद्धीच, असं मी म्हणणार नाही. पण त्या हॉलमधली हवा बदलली होती, हे डोळ्यांना दिसतं. म्हणून मुलीला फॉलोअर किती झाले हे विचारू नका. तिला झेलणाऱ्या मुली तिच्याशी पूर्वीसारख्या बोलतात का, ते विचारा. मला वाटतं, हे तिला अजून कुणी विचारलं नसेल.

त्याच मालिकेतला सगळ्यांचा लाडका चेहरा म्हणजे जेरी हॅरिस. सप्टेंबर २०२० मध्ये त्याला अटक झाली आणि अल्पवयीन मुलांशी केलेल्या गुन्ह्यांसाठी २०२२ मध्ये १२ वर्षांची शिक्षा. पडद्यावरून माणूस कळत नाही, हे मुलीला सांगायची गरज नाही, तिच्या पिढीला ते माहीत आहे. पण तिच्या इनबॉक्समध्ये आता शाळकरी मुलंही येत असतील आणि नको ती मोठी माणसंही. ते खातं कोण बघतं, रात्री-अपरात्री कोण उत्तरं देतं, हे एकदा तिच्याशी मोकळेपणी बोला.

मॅनेजरचं मात्र नीट बघा. कॅलिफोर्नियात काम मिळवून देणाऱ्या एजंटला परवाना लागतो. नुसता ‘मॅनेजर’ म्हणवून घ्यायला काहीच लागत नाही. एजंट साधारण १० टक्के घेतो, मॅनेजर १५ ते २०. करारात मुदत किती, मालिकेतून आधीच आलेल्या कामांवरही त्याचा हिस्सा आहे का, आणि तिचं नाव नि चेहरा कायमचा लिहून घेतलाय का, एवढं या क्षेत्रातल्या वकिलाकडून वाचून घ्या. ओळखीच्या इमिग्रेशन वकिलाकडून नको. ब्रँडचे पैसे पगारासारखे नाही, तर १०९९ फॉर्मवर येतात, त्यातून कर कापलेला नसतो. नेहमीच्या कराशिवाय १५.३ टक्के स्वयंरोजगार कर पडतो आणि दर तिमाहीला भरावा लागतो. (ज्यांची मुलं एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-४ (आईवडिलांच्या नोकरीवर अवलंबून) व्हिसावर आहेत, त्यांनी तर पैसे घेऊन एक पोस्ट टाकण्याआधीही वकिलाला विचारावं. तिथे प्रश्न कराचा नसून व्हिसाचा आहे.)

कॉलेज सोडायचं का? निर्णय तिचा आहे, ती सज्ञान आहे. तिची घाई मला समजते. या खेळात कॉलेजनंतर पुढे जायच्या वाटा थोड्याच, मॅटवरची वर्षं मोजकीच. पण डेटोनाची स्पर्धा एप्रिलमध्ये असते आणि सेमिस्टर मे महिन्यात संपतं. जो मॅनेजर मेपर्यंत थांबू शकत नाही, त्याला ती नकोच आहे, मालिकेची हवा हवी आहे. हे तिला असंच, या शब्दांत सांगा. ‘नाद’ हा शब्द तेवढा वापरू नका.

आणि बाबांना म्हणावं, आधी फोन करा. माफी, खुलासा यातलं काही नको. ‘यंदा स्पर्धेला आलो तर चालेल का?’ एवढंच विचारायचं. ऑर्लँडोचं विमान अडीच-तीन तासांचं, पुढे डेटोनापर्यंत तासाभराची गाडी. पण तिकिटं तिला विचारल्यावरच काढा. ‘आता टीव्हीवर आले म्हणून येताय’ असं ती म्हणू शकते. म्हणाली तर ऐकून घ्या आणि एखाद्या शनिवारी सरावाला आलं तर चालेल का, ते विचारा. तिथे पुढच्या सीझनचे कॅमेरे असतील तर कुणीतरी संमतीपत्र घेऊन तुमच्याकडेही येईल. त्यावर सही करायचं बंधन नाही. नाही करायची असेल तर दारातच सांगा, म्हणजे ते तुम्हाला फ्रेमबाहेर ठेवतील किंवा चेहरा धूसर करतील, आणि तुम्हाला निवांत तिच्याकडे बघता येईल.