दोरी ओढून ओढून हात गेला, तरी होडीचं इंजिन उठेना!

प्रश्न (देवबाग, ता. मालवण): दादा नमस्कार, आमची छोटी फायबरची होडी आहे आणि तिला 9.9 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (मागे बाहेरून लावायचं इंजिन) आहे, दोरीवालं. मे अखेरपर्यंत एकदम मस्त चालत होतं, मग पावसाळ्याची मासेमारीबंदी लागली म्हणून होडी वर ओढली, इंजिन घरी आणून ताडपत्री टाकून ठेवलं. नारळी पौर्णिमा झाल्यावर परत लावलं तर सुरूच होत नाही, एखाद वेळी फट् करतं की लगेच बंद. टाकीत मे महिन्यातलं पेट्रोल आहे, तेच वापरतोय. बंदरावर एकजण म्हणतो ठिणगीची कॉइल गेली, दुसरा म्हणतो कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) गेलं, मेकॅनिक तर बघायच्या आधीच खर्च सांगतो. काय करू?

उत्तर: अहो, मे महिन्यातलं पेट्रोल असं तुम्हीच लिहिलंय की, माझा पहिला संशय त्याच्यावरच. पण त्याआधी फुकटात होणारं काम करून घ्या. इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची लाल दोरी असते तिची क्लिप नीट बसलीय का, गिअर न्यूट्रलला आहे का, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का. हसू नका, कॉइल बदलायला निघालेल्या माणसाची क्लिपच निघालेली असते असं होतं. मग पाइपातला रबरी फुगा दाबा, त्याच्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. चार-सहा वेळा दाबल्यावर फुगा कडक झाला पाहिजे आणि कडकच राहिला पाहिजे. मऊ पडत असेल तर कुठूनतरी हवा घेतोय, बहुतेक पाइपाच्या टोकाच्या कनेक्टरमधली ओ-रिंग सुकलेली असते. आणि कितीही दाबला तरी कडक होतच नाही, वर कव्हरखाली पेट्रोल ठिबकतंय, असं असेल तर कार्बोरेटरची (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) पेट्रोल अडवणारी सुई अडकलीय.

एवढं करून उठलं नाही तर दोरी ओढत बसू नका, दोन्ही स्पार्क प्लग काढा आणि बघा. कॉइल की कॉम्प्रेशन हा वाद बंदरावर संध्याकाळपर्यंत चालेल, प्लग तुम्हाला लगेच सांगेल. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल वर येतच नाहीये, करंटच्या मागे लागू नका. ओलाचिंब असेल तर एकतर पेट्रोल जास्त झालंय किंवा ठिणगी नाहीये. ठिणगी बघायची तर प्लग पुसून कॅपमध्ये लावा, त्याचं लोखंड इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा, सावलीत धरून दोरी ओढा, निळी ठिणगी दिसली की झालं. फक्त प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ येत असते, भडका उडायला वेळ लागत नाही.

आता पेट्रोल. पंपावर हल्ली 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं मिळतं आणि इथेनॉल हवेतला दमटपणा ओढून घेतं, त्यात आपल्याकडचा जून-जुलै म्हणजे विचारूच नका. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर पडून राहिली की एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाला बसतात, इंजिन ओढतं ते नेमकं तळाचंच. बरं, नुसतं सुरू होत नाही एवढ्यावर भागत नाही, टू-टी ऑइल (पेट्रोलात मिसळतो ते टू-स्ट्रोकचं ऑइल) राहतं वरच्या पेट्रोलमध्ये, खालच्या पाण्यात ते विरघळत नाही, म्हणजे चुकून इंजिन चाललंच तर ऑइलशिवाय चालणार आणि पिस्टन खाणार. तेव्हा टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा, अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर सगळं काढून टाका, वाचवायचा विचार करू नका (आणि खाडीत ओतू नका हो, तिथेच मासे धरतो आपण). नवीन पेट्रोल, ऑइल कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात, 50:1 असेल तर लिटरला 20 मिली. डोळ्याच्या अंदाजाने ओतू नका.

कार्बोरेटरच्या वाटीखाली एक स्क्रू असतो, तो सोडून जुनं पेट्रोल काढा. पिवळसर चिकट निघालं तर आतले जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारीक भोकं, बुजलेत. तुमचं ते फट् करून बंद होणं किंवा फक्त चोकवर (हवा कमी करणारी ओढायची कळ) चालून चोक आत ढकलला की मरणं, हे त्याचंच लक्षण. जेट काढून क्लीनर मारा, हवा मारा, तार मात्र घालू नका, पितळेचं भोक मोठं झालं की कायमचं जास्त पेट्रोल पिणार. हे सगळं करूनही ठिणगी नसेल तर मग बोलवा मेकॅनिक, कॉइल आणि सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) त्यालाच बघू द्या.

आणि घरी अंगणात सुरू करून बघायचा मोह होईल, खालचा भाग पाण्याच्या ड्रममध्ये बुडवल्याशिवाय करू नका, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर (पंखा) कोरडा फिरला की लगेच जळतो.

प्रश्न (दापोली): सकाळी पहिल्या ओढीला सुरू होतं, पण दुपारी गरवायला थांबलो आणि तासाभराने सुरू करायला गेलो की होत नाही. नवीनच इंजिन आहे.

उत्तर: चोक ओढताय ना? गरम इंजिनाला चोक नको, पेट्रोल जास्त होऊन प्लग भिजतो. शिवाय टाकी उन्हात आणि हवेचा स्क्रू बंद असेल तर आत दाब वाढून पेट्रोल आपोआप वर ढकललं जातं, थांबलात की पाइप काढून ठेवा आणि परत लावायच्या आधी स्क्रू उघडा. भिजलंच असेल तर चोक आत, थ्रॉटल पूर्ण उघडा, तसंच ओढा. फटफटायला लागलं की लगेच थ्रॉटल कमी करा नाहीतर एकदम किंचाळेल.

प्रश्न (वेंगुर्ला): रॉकेलवर चालणारं आउटबोर्ड सकाळी त्रास देतं, पेट्रोलवर घेतलं तरी लवकर उठत नाही.

उत्तर: आदल्या दिवशी बंद कसं केलंत ते बघा. रॉकेलवर चालू असताना तसंच बंद केलं तर वाटीत रॉकेलच राहतं आणि थंड इंजिन त्यावर उठत नाही. किनाऱ्याला लागायच्या थोडं आधी कॉक पेट्रोलवर फिरवा, काही मिनिटं चालू द्या, मग बंद करा. आजच्यापुरतं वाटीचा स्क्रू सोडून रॉकेल काढा आणि प्लगवरची काजळी ब्रशने घासून घ्या.