इंग्रजी बायबलमधल्या 'फेन्स्ड सिटीज' म्हणजे काय? आज असं लिहिलं तर चालेल का?

तटबंदीची शहरं. कुंपणाची नव्हेत. हे ठासून सांगायला कारण आहे.

एका इतिहासाच्या पुस्तकातलं अश्शूरी (असिरियन) स्वाऱ्यांचं प्रकरण मी मराठीत आणत होतो. त्यात १६११ च्या किंग जेम्स बायबलमधला उल्लेख होता: हिज्कीया राजाच्या चौदाव्या वर्षी अश्शूरचा राजा सन्हेरीब याने हिज्कीयाच्या यहूदा राज्याची सगळी 'फेन्स्ड' शहरं घेतली. मी 'तटबंदीची' लिहिलं, संपादकांनी ते खोडून 'कुंपण घातलेली' केलं. फोन केला तर म्हणाले, कोशात फेन्स म्हणजे कुंपणच आहे. अहो, हा 'फेन्स' मुळात 'डिफेन्स'चाच तुकडा! त्याच बायबलात यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकात, ३६ व्या अध्यायात हीच स्वारी पुन्हा येते, तिथे सरळ 'डिफेन्स्ड' छापलंय. यहूदातल्या लाखीश शहराच्या इ.स.पू. ७०१ च्या वेढ्याची शिल्पं निनवे या अश्शूरी राजधानीतल्या राजवाड्यात होती, आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांचे फोटो मी संपादकांना पाठवले. बुरूज, तटाला भिडवलेला चढ, त्यावरून वर नेलेली तट फोडायची यंत्रं, वरून पडणाऱ्या मशाली. अशी ४६ शहरं घेतल्याची फुशारकी सन्हेरीबाने स्वतःच्या लेखात कोरून ठेवलीय. कुंपणं मोडल्याची फुशारकी कुठला राजा मारेल? तरी पुस्तकात कुंपणच छापलं गेलं. मला अजून त्याचा राग येतो.

या शब्दाची खरी ताकद बायबलमधल्या कवितेत दिसते. यिर्मया या संदेष्ट्याला देव सांगतो, तुला मी पितळेची 'फेन्स्ड' भिंत करीन. दुःखाने पिचलेला ईयोब देवाला म्हणतो, तू मला हाडांनी आणि स्नायूंनी 'फेन्स' केलंस. माणसाचं शरीरच किल्ला! इथे कुंपण घातलं की ओळ मेलीच.

आज वापरायचा का? साध्या लेखनात नको, वाचकाला अंगणाभोवतीच्या फळ्या दिसतील. १९५२ च्या सुधारित बायबलनेही 'फॉर्टिफाइड' घेतलं. मुद्दाम जुना सूर लावायचा असेल तरच वापरा. अनुवाद करत असाल तर 'तटबंदी'च लिहा आणि छपाईआधीचं शेवटचं प्रूफ स्वतः बघायला मिळेल हे आधीच लेखी घ्या. तट, बुरूज, खंदक हे शब्द ज्या भाषेत रोजचे आहेत, तिच्यात कुंपण लिहिणाऱ्याने अनुवादाला हात लावू नये.

मात्र प्रत्येक 'फेन्स्ड' म्हणजे किल्ला नाही. यशयाच्याच ५ व्या अध्यायात द्राक्षमळा 'फेन्स' केलाय, तिथे कुंपणच बरोबर.