बिदरची गाडी उदगीरात चालते, मग जर्मनीची आइंडहोवनला का नाही?

प्रश्न : नमस्कार साहेब. मुलगा जर्मनीत स्टुटगार्टला इंजिनीअर आहे. आता त्याला नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला नोकरी लागली. गाडी जर्मनीची, डिझेल, दोन वर्षांपासून त्याच्या नावावर. तिकडं पुन्हा पासिंग करावी लागते म्हणतो. मित्र सांगतात, सहा महिने काही होत नाही. आमच्या गल्लीत केए ३८ च्या गाड्या वर्षानुवर्षे फिरतात. खरं काय? – एक वाचक, उदगीर

उत्तर : काका, आधी गल्लीतलं बोलू. आपल्याकडंही १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम ४७ सांगतं की परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यायचा. उदगीरात कोण विचारतं, हा भाग वेगळा!

तिकडं विचारतात. वाळूजच्या कंपनीनं मला काही वर्षं तिकडं पाठवलं होतं, तेव्हा हे सगळं जवळून पाहिलं. मित्र म्हणतात ते सहा महिने खोटे नाहीत, पण ते तात्पुरतं राहणाऱ्यासाठी, ज्याचं बिऱ्हाड अजून मूळ देशातच आहे त्याच्यासाठी. तुमचा मुलगा तर बिऱ्हाडच हलवतोय. आइंडहोवनच्या नगरपालिकेत रहिवासी म्हणून नाव लागलं की जर्मन पाटीवर फिरायची मुभा संपली. नंतर पकडला तर त्या नोंदीच्या तारखेपासूनचा रोड टॅक्स मागतात, वर दंड. विम्याचंही तेच. जर्मन पॉलिसी जर्मन नंबरला बांधलेली असते. उद्या कुणाला धक्का लागला तर भरपाईचं घोंगडं भिजत पडायचं.

खरा पैसा वाचतो तो बीपीएममध्ये. नेदरलँड्समध्ये गाडीची पहिली नोंद करताना हा कर लागतो. मात्र बिऱ्हाडाबरोबर गाडी आणणाऱ्याला माफी मिळते. अट अशी की माणूस किमान १२ महिने नेदरलँड्सबाहेर राहिलेला असावा आणि गाडी येण्याआधी किमान ६ महिने त्याच्याकडं, त्याच्या वापरात असावी. तुमचा मुलगा दोन्हींत बसतो. पण माफीचा अर्ज आधी, पासिंग नंतर. एकदा माफी घेतली की १२ महिने गाडी विकता येत नाही, भाड्यानंही देता येत नाही.

मग आरडीडब्ल्यूची वेळ घ्यायची. ते म्हणजे तिकडचं आरटीओ समजा. गाडी प्रत्यक्ष न्यावी लागते, चासी नंबर तपासतात. जर्मन नोंदणीचे दोन कागद असतात, गाडीत ठेवायचा आणि घरी ठेवायचा. दोन्ही अस्सल लागतात, झेरॉक्स चालत नाही. गाडी कर्जावर असेल तर दुसरा कागद बहुधा बँकेकडं पडून असतो. तो स्टुटगार्ट सोडायच्या आधीच सोडवून घ्यायला सांगा.

लायसन्स त्यानं जर्मनीत परीक्षा देऊन काढलंच असणार, कारण भारतीय लायसन्स तिथं रहिवाशाला सहाच महिने चालतं. ते जर्मन लायसन्स नेदरलँड्समध्येही चालेल.

आता माझं मत. नेदरलँड्समध्ये रोड टॅक्स गाडीचं वजन, इंधन आणि प्रांत पाहून लावतात, आणि डिझेलवाल्याला तो चांगलाच बसतो. गाडी जुनी असेल तर त्यानं आधी तो आकडा काढावा. जड वाटला तर गाडी स्टुटगार्टलाच विकावी. आइंडहोवनला सायकलवर निभतं.