व्हय म्हाराजा

प्रिय ओवी,

मंगळवारी पोहण्याच्या क्लासहून येताना मागच्या सीटवरून तू विचारलंस, "आई, मी आजोबांच्या ऑपरेशनसाठी देवाकडे मागितलं, पण इंग्लिशमध्ये. आणि मधेच मला हसू आलं. ते पोचतं का? की आजीनेच मागावं लागतं?" मी म्हटलं, घरी गेल्यावर बोलू. घरी आल्यावर कुकर लावला, तुझा डबा घासला आणि विषय टाळला. खरं सांगायचं तर उत्तर सुचत नव्हतं. आता तू झोपलीस म्हणून लिहितेय. एखादा शब्द अडला तर रविवारच्या मराठी शाळेतल्या ताईंना विचार.

हसू येणारच गं. आपला देव्हारा डाळींच्या डब्यांशेजारी, त्यात बॅटरीची पणती, कारण उदबत्ती लावली की धुराचा अलार्म बोंबलतो. मेलबर्नला आल्यावर पहिल्यांदा तिथे हात जोडले तेव्हा मलाही हसू फुटलं होतं.

इंग्लिशचं म्हणशील, तर एकनाथांच्या काळीही लोक असंच काहीतरी म्हणायचे, की देवाधर्माचं बोलायचं तर संस्कृतातच. त्यावर त्यांनी विचारलं, संस्कृत देवाने केली, मग आमची भाषा काय चोरांनी केली? आणि चोखोबांना तर पंढरपूरच्या देवळात पाऊलही टाकू देत नव्हते. त्यांच्या जातीच्या माणसांना आत जायला 1947 साल उजाडावं लागलं, त्यासाठी साने गुरुजी उपोषणाला बसले होते. ते चोखोबा म्हणाले, "ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा". डोंगा म्हणजे वाकडा. ऊस वाकडा असला तरी रस काही वाकडा नसतो. तुझं मराठी थोडं डोंगं आहे, बाळा. असू दे.

आता गाऱ्हाणं. गणपतीत व्हिडिओ कॉलवर तू पाहिलंयस, पण ते काय चाललंय हे मी कधी नीट सांगितलंच नाही. कोकणात देवापुढे नारळ-विडा ठेवून घरातला किंवा गावातला मोठा माणूस देवाशी मोठ्याने बोलतो. पाठ केलेला मंत्र नसतो तो. कोण आजारी आहे, कुणाचं लग्न अडलंय, कोण मुंबईला निघालाय, सगळं आपल्या मालवणीत, नावानिशी. "लेकरांकडसून काय चुकला-माकला असात तां पोटात घाल रे म्हाराजा." आणि दर वाक्याला बाकीचे सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा!"

लहानपणी मला वाटायचं, हे 'व्हय' देवाने म्हणायला हवं. मागतोय आपण, मग हो पण आपणच कसं म्हणायचं?

याचं उत्तर मला फार उशिरा पसायदानात सापडलं. 1290 साली, प्रवरेकाठी नेवाशात, ज्ञानेश्वरी संपवताना ज्ञानदेवांनी केलेलं हे मागणं. नऊ ओव्या. (तुझं नाव त्यावरूनच ठेवलंय.) तेव्हा त्यांचं वय पंधरा-सोळा मानतात, म्हणजे तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. लोकांनी त्यांच्या घराला वाळीत टाकलेलं. तरी दुष्ट मरोत असं त्यांनी मागितलं नाही. "जे खळांची व्यंकटी सांडो", दुष्टांमधला वाकडेपणा तेवढा जावो, म्हणाले. पण मला सगळ्यात आवडते ती शेवटची ओवी. "येथ म्हणे श्रीविश्वेशराओ । हा होईल दानपसावो". देव म्हणाला, मिळेल हे दान. देवाचा होकारसुद्धा त्यांनीच लिहून टाकला! आणि त्या वराने ज्ञानदेव सुखी झाला, असंही लिहून मोकळे झाले. जगातले दुष्ट कुठे संपले होते तेव्हा? आणि आज तरी कुठे संपलेत?

आता अवघड भाग. मी दहावीत असताना तुझ्या पणजीसाठी खूप मागितलं होतं. ती गेली. मग जवळजवळ दोन वर्षं मी शुभंकरोतीला बसले नाही. आजी मला एका शब्दाने बोलली नाही. दिवा लावायची आणि माझ्या वाटणीचंही म्हणायची. त्यामुळे मागितलं की मिळतंच, असं मी तुला सांगणार नाही. नवस मला तसाही पटत नाही, देवाशी घासाघीस वाटते ती. पुढच्या गुरुवारी गोव्यात आजोबांचं ऑपरेशन डॉक्टर करतील, ते काम त्यांचं. पण एक पाहिलं मी. बुधवारी तू आपणहून आजोबांना फोन केलास आणि त्यांच्या म्हशीची गोष्ट वीस मिनिटं ऐकलीस. एरवी 'हाय आजोबा' म्हणून पळतेस. तू त्यांच्यासाठी काही मागितलं नसतंस तर हा फोन झाला असता, असं मला वाटत नाही.

रविवारी दुपारी तीनला कुडाळहून कॉल येईल. दरवर्षी गाऱ्हाणं आजोबा घालतात, पण या वेळी ते त्यांच्यासाठीच आहे. म्हणून आजी घालणार आहे, आमच्या घरात पहिल्यांदाच एखादी बाई. तीही घाबरलीय, शब्द विसरतील म्हणून. तुझा प्रश्न तिला सांगितला तर म्हणाली, "देव काय शाळेतलो मास्तर असा, चुका काढूक?"

तिला साथ द्यायला माणसं कमी आहेत, काका आणि आजोबा दोघेच. गेल्या गणपतीत तू 'व्हय म्हाराजा' म्हणत होतीस, पण आपला माइक बंद होता, तिकडे कुणाला ऐकूच गेलं नाही. या वेळी चालू आहे ना, ते आधी बघ.

तुझी,
आई